अक्कांना कळवायचे दोन शेवट

प्रिय अक्का,

काल आपली साडेसातची मालिका संपली. एकदाची! म्हणून हे पत्र.

दहाव्याला प्रवरेच्या काठी मी तुम्हाला शब्द दिला होता, आठवतंय ना? पिंड ठेवला होता आणि कावळा समोरच्या लिंबावर बसून चोच पुसत होता. तुमच्या बाळूनं हात जोडून सांगितलं, "आई, तुझ्या म्हशी इकनार न्हाई." कावळा ढिम्म. बाळूची वैशू म्हणाली, "आजी, मी गाणं सोडणार नाही." कावळ्यानं मान फिरवली. मग तुमचे भाऊजी, म्हणजे आमचे हे, पुढे झाले. "वहिनी, रखमाबरोबरचं बांधाचं भांडण मी मिटवतो." त्यावर तर तो चिडून वरच्या फांदीवर गेला!

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. उन्हानं सगळ्यांची डोकी तापली होती. तेव्हा मी पुढे गेले आणि हळूच म्हटलं, "अक्का, साडेसातचीचा शेवट मी तुम्हाला कळवीन. असेल तसा कळवीन, एक शब्द लपवणार नाही." मागे वळते न वळते तोच फडफड ऐकू आली. कावळा पिंडाला शिवला. काठावरची अख्खी बेलापूरकर मंडळी हसू दाबत उभी होती.

मी नगरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली बाई. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. पण शब्द तो शब्द. फक्त एक अडचण झाली आहे. मला आता एक नाही, दोन शेवट कळवायचे आहेत. एक मालिकेचा आणि एक तुमचा. हो, तुमचाही शेवट टीव्हीवाल्यांनी लिहून टाकला, अक्का! दोन्ही वाईट झाले, आणि दोन्ही मला मान्य नाहीत.

आधी मालिकेचा सांगते. धीर आहे ना?

आपली रडकी नायिका, तिला विष दिलं, दरीत ढकललं, तिची आठवण गेली, ती त्याच नवऱ्याशी पुन्हा पुन्हा लग्न करत राहिली. तुम्ही काय म्हणायचात? "आगं, उठून जा की! पाय न्हाईत का हिला?" तुमची खात्री होती, शेवटी ती पोरीला घेऊन निघेल आणि बाजारपेठेत खानावळ टाकेल. खानावळीचं नावसुद्धा तुम्ही ठरवून ठेवलं होतं. तर ऐका. रडकीनं नथवालीची माफी मागितली. रडकीनं! जिनं विष पाजलं ती नथवाली झोपाळ्यावर बसली होती आणि जिला पाजलं ती खाली वाकून म्हणाली, "चुकलं असेल तर पोटात घाला." पोटात काय घातलं होतं ते सगळे विसरले. मग घरातल्या सगळ्यांचा एक फोटो, वर फुलं, संपलं. नथवाली सुधारेल असं तुम्ही छातीठोकपणे सांगत होतात. तुमचंही चुकलं बरं का. सुधारण्याची तिला गरजच पडली नाही.

मी श्रीरामपूरच्या टेलिफोन केंद्रात नोकरी केली. ट्रंक कॉलच्या काळात लोकांची लग्नं, मरणं, भांडणं माझ्या कानावरून गेली. मला सांगा, खरं माणूस वाईट बातमी ऐकल्यावर मोठ्यानं किंचाळून तीनदा मान वळवतं का? खरं माणूस आधी गप्प होतं. मग विचारतं, "गाडी कितीला आहे?" नोकरीभर मी हेच ऐकलं. मालिका लिहिणाऱ्यांनी कधी कुणाचा फोन जोडून दिलेला दिसत नाही.

आणि ती घरं! बायका दागिने घालून झोपतात. स्वयंपाकघरात कुणी कांदा चिरत नाही. खलनायिका आपला बेत भिंतीला मोठ्यानं सांगते, आणि भिंतीमागे नेमकं कुणीतरी उभं असतं. सगळ्यात मोठं खोटं तर तुम्हीच पकडलं होतंत. "मडम, हेंच्या घरात टीव्ही हाय, पन कुनी मालिका बगत न्हाई. मग रोज संध्याकाळी करत्यात तरी काय?"

मडम! लग्न होऊन आले त्या दिवशी मी वरणभात चमच्यानं खाल्ला आणि जन्माची मडम झाले. तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. तुम्ही शेतात, मी नोकरीत. आपलं जमलं ते थेट टीव्हीपुढे. तुमच्या मांडीवर शेंगांचं सूप, माझ्या हातात चष्मा पुसायचं फडकं. ऐन प्रसंगाला लाईट गेली की तुम्ही ओरडायचात, "मडम, लाव नेवाशाला फोन!" तिकडे तुमच्या बहिणीकडे लाईट असायची. मी फोन जोडायचा, तिनं बघून सांगायचं, आणि आपण अंधारात बसून मालिका ऐकायची. निवृत्त झाल्यावरही तुम्ही मला नोकरीतून सोडलं नाहीत.

तुमचे भाऊजी म्हणतात, "शिकलेल्या बाईनं हे असलं बघावं?" का नाही बघू? जो बघतो त्यालाच शिव्या द्यायचा हक्क आहे. न बघता नावं ठेवणारे फुकटे. मी बघणार आणि बोलणार! कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर खोटं रडणाऱ्या मुलीला कोपऱ्यात उभं करायच्या. त्यांच्या हाती आजचा टीव्ही लागला असता तर कोपरे कमी पडले असते.

आता दुसरा शेवट.

वैशूची गाण्याच्या स्पर्धेत निवड झाली. तुम्ही जाऊन महिनाही उलटला नव्हता. पोरीनं बातमी आधी गोठ्यात जाऊन म्हशींना सांगितली, मग आम्हाला. तुमचीच सवय! "गळा मोकळा सोड, बांधापत्तुर ऐकू गेलं पायजे," असं सांगून तुम्हीच तिला गायला लावलं होतंत.

आठवड्याभरात मुंबईहून गाडी आली. कॅमेरेवाले, दिवेवाले आणि हातात पुठ्ठा धरलेली एक जीन्समधली मुलगी. गोड बोलायची. घरात शिरल्या शिरल्या तिचं तोंड उतरलं. घर पक्कं, फरशी चकचकीत, दारात ट्रॅक्टर.

"काकू, फ्रीज जरा झाकूया का? फ्रेममध्ये येतोय."

"फ्रीज आमचाच आहे."

"हो, पण स्टोरीत नाहीये ना."

मग विचारते, "आजी ऊसतोडीला जायच्या का?"

म्हटलं, "जायच्या तर! आपल्या रानात उतरलेल्या टोळीला पाणी मिळालं नाही की मुकादमाची गचांडी धरायला जायच्या."

तिनं ते लिहून घेतलं नाही. "आजींचं जाणं फार टचिंग आहे काकू. त्यावरच सगळं बांधू. उपाशी राहून नातीला शिकवलं, असं काहीतरी."

तुम्ही आणि उपाशी! एकादशीला तुमची साबुदाण्याची परात मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि ऊस तोडणाऱ्या बायकांचे हाल खरे आहेत, अक्का. दर वर्षी आपल्या बांधावर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात, थंडीत त्यांची लेकरं पाचटावर झोपतात. त्यांच्याकडे कॅमेरा कधी वळत नाही. त्यांचं दुःख उसनं आणून तुमच्या गळ्यात घालायचं, हा कुठला न्याय?

मी बाळूला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "काकी, चार दिसाचा खेळ हाय. अशानंच मतं पडत्यात म्हनं. पोरीचं नशीब उघडंल."

"आणि आईचं झाकलं जाईल, त्याचं काय?"

"आई गेली, काकी. तिला आता काय कळतंय?"

काय कळतंय! कावळ्याला कळलं, तुझ्या आईला कळणार नाही? पण तो बाप आहे. पोरीचं भलं म्हटलं की बाप आंधळा होतो. ओढ्याकाठचा शेजाऱ्यांचा पडका गोठा आहे ना, ज्यात ते कडबा टाकतात, तिथं वैशूला शेणात हात घालून बसवलं आणि मागच्या भिंतीला तुमचा फोटो लावला. फोटो कुठला निवडला माहीत आहे? आजारपणातला, गालफडं बसलेला. मी त्यांना घोडेगावच्या बाजारातला काढून दिला होता, म्हशीच्या शिंगाला धरून उभ्या आहात तो. ती मुलगी म्हणाली, "यात त्या फार स्ट्राँग दिसतात हो."

मग वैशूला मुंबईला नेलं. आम्हाला बजावलं, आठवडाभर तिला फोन करायचा नाही, तिचा फोन आमच्याकडे जमा. शेवटी मला आणि बाळूला गुपचूप बोलावून घेतलं. वैशू मंचावर गायला उभी राहिली की तुमचा तो पडक्या गोठ्यातला फोटो पडद्यावर येणार, मग मागचा दरवाजा उघडणार, आम्ही बाहेर येणार, पोरगी आम्हाला बघून हंबरडा फोडणार. सगळं ठरलेलं. आम्हाला एका गारठलेल्या खोलीत दडवून ठेवलं. मी विचारलं, "अहो, पोरीशी दोन शब्द बोलू तरी द्या." तर ती पुठ्ठेवाली म्हणते, "नको काकू. तिच्या भावना साठू देत."

साठू देत!

अक्का, त्या खोलीत बसल्या बसल्या मला घोडेगावचा बाजार दिसला. निवृत्त झाल्यावर तुम्ही मला पहिल्यांदा घेऊन गेला होतात. एका म्हशीची कास अशी टम्म फुगलेली, की मी म्हटलं, "बाई गं, किती दूध!" तुम्ही माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलंत. "ते दूध न्हाई मडम, ती कळ हाय. धार न काडता उभी केलीय तिला. गिऱ्हाइकाला कास मोटी दिसाया." आणि व्यापाऱ्याला न विचारता तुम्ही पदर खोचून खाली बसलात आणि तिथंच मातीत धार काढायला लागलात! तो व्यापारी बोंबलत होता, "ओ अक्का, काय करताय! माझा सौदा!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझा सौदा घाल चुलीत. तिचे डोळे बग." तिची कास रिकामी होत गेली आणि म्हैस शांतपणे रवंथ करायला लागली. म्हैस आपण घेतली नाही. नुसती धार काढून घरी आलो.

मी उठले. बाळू म्हणाला, "काकी, कुठं?" म्हटलं, "धार काढायला." आणि खरं सांगते, त्यानं मला अडवलं नाही. तुमचाच मुलगा तो, त्याला एका शब्दात समजलं.

तोंडाला पावडर लावायच्या खोलीत वैशू आरशासमोर बसली होती. मला आरशात बघितलं आणि आधी गप्प झाली. मग म्हणाली, "काकीआजी, म्हैस व्याली का?"

"व्याली. पारडी झाली."

त्यावर रडली पोरगी! माझ्या खांद्यात तोंड खुपसून, नाक ओढत, पावडरचा चिखल करत रडली. तुमच्यासाठी रडली, घरासाठी रडली, त्या शेणात बसवलेल्या दिवसासाठी रडली. पुठ्ठेवाली धावत आली. "अहो काकू, काय केलंत हे! आता स्टेजवर काय येणार?" हुबेहूब तो घोडेगावचा व्यापारी! मी मान वर केली नाही.

स्टेजवर वैशूच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. गोठा दाखवला, फोटो दाखवला, वाद्यं विव्हळली, दरवाजा उघडून आम्हाला बाहेर ढकललं. परीक्षक बाईंनी आधीच रुमाल काढून ठेवला होता. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, "वैष्णवी, आजीनं तुझ्यासाठी काय काय सोसलं, सांग ना." आणि आपली पोरगी खणखणीत बोलली, "आजीनं काही सोसलं नाही. आजीला सगळे सोसायचे. तो गोठा शेजाऱ्यांचा आहे, आमचं घर पक्कं आहे. आजी असती तर तुम्हाला आधी चहा पाजला असता आणि मग हाकललं असतं." मग गळा मोकळा सोडून गायली. बांधापर्यंत काय, प्रवरेच्या पलीकडे ऐकू गेलं असतं!

यातलं टीव्हीवर काय आलं? गाणं अर्धं आलं. बोलणं सगळं कापलं. गोठा राहिला, फोटो राहिला. आणि मी! त्या प्रखर दिव्यांनी डोळ्यांतून पाणी आलं म्हणून मी चष्मा काढून पुसत होते, तेवढंच उचललं. सावकाश, पुन्हा पुन्हा, मागे बासरी. मी रडतेय, अक्का! अख्ख्या महाराष्ट्रासमोर मी रडकी झाले! सिस्टर असत्या तर मला कोपऱ्यात उभं केलं असतं.

पुढच्या आठवड्यात वैशू बाहेर पडली. मतं कमी पडली म्हणे. परीक्षक म्हणाले, गाण्यात भावना कमी आहे. घोडेगावचा दलाल तरी घ्यायच्या आधी म्हैस चालवून बघतो. हे गाण्याच्या स्पर्धेत घराचं छप्पर बघतात.

पोरगी घरी आली, दोन दिवस तोंड पाडून बसली, तिसऱ्या दिवशी धार काढायला बसली आणि गुणगुणायला लागली. तिची मला काळजी नाही. काळजी तुमची होती.

कारण गावानं ते बघितलं. आणि गावानं ते खरं मानलं! जे तुम्हाला जन्मभर ओळखतात त्यांनी! दुकानात, देवळात, दवाखान्यात, सगळीकडे एकच. "अक्कानं लई हाल काडले, आमाला कळूच दिलं न्हाई." म्हणजे तुम्ही रोज समोर होतात ते खोटं, आणि टीव्हीवर आलं ते खरं? तरुणपणी कपाळ पांढरं झालं, तर दिराच्या आधी उठून पाण्याची पाळी धरणारी बाई. बाजारात बायका जात नव्हत्या, तेव्हा पदर खोचून व्यापाऱ्यांशी हुज्जत घालणारी बाई. तिची चार महिन्यांत "बिचारी" होते? तुम्ही! बिचारी!

काल मालिकेचा शेवट बघायला रखमा आली. हो, तीच, बांधावरची. तुमच्या जागेवर बसली. शेवटची पाटी आली तशी तिनं पदर डोळ्याला लावला. "अक्का असती तर बरं वाटलं असतं तिला. बिचारीनं लई सोसलं."

माझं डोकं फिरलं. पण मी शांतपणे विचारलं, "रखमाबाई, तुमची ती गाभण शेळी कोंडवाड्यात कुणी घातली होती हो?"

तिचा पदर खाली आला. "कुनी म्हंजी? तुमच्या थोरल्या जावंनंच की! चार पानं खाल्ली असतील घासाची!"

"चार? वाफा साफ केला म्हणत होत्या."

"वाफा? वाफा! खोटं बोलायची ती! आन् वर मलाच म्हनली, शेळीला वळन न्हाई लावलं तर पोरांस्नी काय लावशील? भरल्या बाजारात म्हनली! लई तोंडाळ बाई हुती! मेली तरी इसरनार न्हाई मी!"

मग जी सुरू झाली ती थांबेचना. बांध, लिंब, पाण्याची पाळी, विहिरीवरचं भांडण. वैशू दारात उभी राहून हसत होती. बाळू गोठ्यातून हात पुसत आला आणि म्हणाला, "रखमाकाकी, आई आतनं आइकत आसंल, जरा हळू." रखमा आणखी चढली, "आइकू दे! भेते का काय तिला?"

अक्का, तिची कीव संपली आणि राग परत आला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुम्ही घरात आल्यासारखं वाटलं. मी उठून तिला चहा केला आणि ह्यांना सांगितलं, "ते बांधाचं भांडण मिटवायचं नाही. अजिबात नाही." कावळा वरच्या फांदीवर का गेला होता, ते त्यांनाही कळलं असावं. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

तर हा तुमचा शेवट. तो टीव्हीवाल्यांचा नाही, रखमाचा आहे. तो मला मान्य आहे.

एक राहिलं. मी टीव्हीवर रडले नाही. खरी कधी रडले ते तुम्हालाही सांगणार नाही. विचारू नका.

उद्यापासून साडेसातला नवी मालिका. तीच नथ दिसते आहे, नाक बदललंय. मी बघणार. तुमचं सूप मांडीवर घेऊन, मोठ्यानं बोलत बघणार. लाईट गेली तर नेवाशाला फोन लावीन. आणि कुणीही, कुठेही, तुम्हाला बिचारी म्हणालं, तर त्याच्याशी तुमचं एकेक भांडण उकरून काढीन. बाजाराच्या दिवशी वैशूला घेऊन घोडेगावला जाईन. टम्म कास दिसली तर वैशूला धार काढायला खाली बसवीन. मीही बसेन. हात शेणानं भरले तरी भरू देत.

कावळ्याला माझा निरोप. शब्द पाळला म्हणावं.

तुमचं काहीएक न ऐकणारी,
तुमची मडम
(शालिनी)